मुंबईची वीज, १२ ऑक्टोबर २०२०: बिघाड होता की हल्ला?

युद्ध बदलतंय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ड्रोन येतात. युक्रेनच्या शेतांवरून घिरट्या घालणारे, रणगाड्याच्या उघड्या झाकणातून अचूक बॉम्ब सोडणारे. ते खरं आहेच. पण या प्रकरणात काही उडालं नाही, काही फुटलं नाही, कोणी जबाबदारीही घेतली नाही. सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या मोठ्या भागाची वीज गेली आणि रात्रीपर्यंत टप्प्याटप्प्याने आली. पाच महिन्यांनी राज्य सरकार म्हणत होतं की हा सायबर घातपात असावा, आणि केंद्र सरकार म्हणत होतं की ही माणसाची चूक. एका शहराची वीज का गेली, यावर एकाच देशातल्या दोन सरकारांची दोन उत्तरं. राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीने मला हे प्रकरण विजेच्या खोळंब्यापेक्षा या दोन उत्तरांसाठी महत्त्वाचं वाटतं.

पाळीवर असलेले अभियंते, तपास करणारे अधिकारी, मंत्री या सगळ्यांचा उल्लेख इथे पदानेच केला आहे. व्यक्ती बदलल्या असत्या तरी घटनाक्रम फारसा बदलला नसता, असं माझं मत आहे.

पार्श्वभूमी

मुंबई हे विजेच्या दृष्टीने चिंचोळं शहर आहे. तिन्ही बाजूंनी पाणी, उत्तरेला वस्ती आणि जंगल. बाहेरून वीज आणायची तर मोजक्याच वाटा. महापारेषणच्या, म्हणजे राज्याच्या वीजवहन कंपनीच्या, ४०० केव्हीच्या (किलोव्होल्ट, विजेच्या दाबाचं माप) वाहिन्या पडघा, कळवा, खारघर इथपर्यंत येतात आणि तिथून कमी दाबावर वीज शहरात शिरते. नव्या मनोऱ्यांना जागा मिळत नाही. कुठे खारफुटी आड येते, कुठे झोपडपट्टी, कुठे कोर्टकचेरी. खारघर ते विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी वर्षानुवर्षे कागदावरच होती.

शहराची स्वतःची वीजही आहे. टाटांचं ट्रॉम्बे, खोपोली-भिवपुरी-भिरा ही शंभरीतली जलविद्युत केंद्रं आणि अदानींचं डहाणू. सगळं मिळून कागदावर १,८०० मेगावॅटच्या आसपास, म्हणजे शहराच्या कमाल मागणीच्या साधारण निम्मं. याच जोरावर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून मुंबईला ‘आयलंडिंग’चं कवच आहे. राज्याचं जाळं कोसळू लागलं की रिले (बिघाड ओळखून जोडणी तोडायला लावणारी उपकरणं) आपोआप मुंबईला त्यातून तोडतात आणि शहर स्वतःच्या विजेवर तग धरतं. बाहेर अंधार असताना मुंबईत दिवे असायचे ते यामुळे. मुंबईकरांना याची इतकी सवय झाली होती की ही सोय आहे, ती कोणीतरी सांभाळावी लागते, हेच विस्मरणात गेलं होतं.

दुसरा धागा हजारो किलोमीटरवरचा. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात चिनी सैनिकांशी झालेल्या झटापटीत २० भारतीय जवान शहीद झाले. पुढच्याच महिन्यात, २ जुलैला, केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने आदेश काढला की वीजक्षेत्रासाठी आयात होणारी उपकरणं घातक सॉफ्टवेअरसाठी तपासून घ्यायची आणि ठरावीक देशांतून काही आणायचं तर आधी परवानगी घ्यायची. धोका कोणाच्याच ध्यानात आला नव्हता असं म्हणायला त्यामुळे जागा नाही. २०१९ मध्ये कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या प्रशासकीय जाळ्यात घातक सॉफ्टवेअर सापडल्याचं अणुऊर्जा महामंडळाने आधी नाकारून मग मान्य केलं होतं.

त्या दिवशी काय घडलं

कळवा-पडघा मार्गावर दोन सर्किट. पैकी पहिलं दुरुस्तीसाठी बंद होतं, सगळा भार दुसऱ्यावर होता. दहाच्या सुमारास दुसऱ्यातही बिघाड झाला. कळवा आणि खारघर इथली उपकेंद्रं ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, मुंबईच्या जाळ्यातली वारंवारता एकदम खाली आली. इथे आयलंडिंगने शहर वाचवायचं होतं. ते झालं नाही. बेट तगण्यासाठी आतली निर्मिती आणि आतला भार यांचा मेळ काही क्षणांत बसावा लागतो. निर्मिती कमी असेल तर तेवढाच भार तितक्याच वेगाने तोडावा लागतो. तो मेळ बसला नाही आणि ट्रॉम्बेचे संचही बंद पडले. डहाणू मात्र टिकलं. तिथल्या सुमारे ३८५ मेगावॅटवर उपनगरातल्या काही अत्यावश्यक सेवा चालू राहिल्या. बाकी २,००० मेगावॅटच्या आसपासचा भार गेला.

करोनाचा काळ असल्यामुळे लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी धावत होत्या. त्याच लोकांनी, म्हणजे परिचारिका, सफाई कर्मचारी, बँकवाल्यांनी, रुळांवर उतरून चालत जवळचं स्टेशन गाठलं. विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. रुग्णालयं जनरेटरवर गेली आणि अतिदक्षता विभागांसाठी किमान ८ तास पुरेल इतकं डिझेल हाताशी ठेवा, असा आदेश पालिका आयुक्तांनी दिला. शेअर बाजार चालू राहिला. साधारण दोन तासांत अत्यावश्यक सेवा सावरल्या, उरलेलं शहर रात्रीपर्यंत उजळलं.

प्रश्न काय होता

पहिला प्रश्न अभियांत्रिकीचा: दोन वाहिन्यांपैकी एक बंद असताना दुसरी गेली तर काय, याची तयारी का नव्हती? हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तर शोधायची पद्धतही ठरलेली आहे.

दुसरा प्रश्न नवा होता. हे आपोआप घडलं की कोणी घडवलं? दोनच दिवसांत राज्याच्या ऊर्जामंत्र्यांनी घातपाताची शक्यता नाकारता येत नाही असं जाहीरपणे म्हटलं. त्यावेळी अनेकांना ती राजकीय सारवासारव वाटली. पुढच्या महिन्यांत जे बाहेर आलं त्यावरून ती शंका पूर्णपणे निराधारही नव्हती, असं दिसतं. अडचण अशी की एखादी शंका निराधार नसणं वेगळं आणि ती खरी असणं वेगळं. या दोहोंमधलं अंतर पार करायला जे पुरावे लागतात ते कोणी, कधी आणि कसे गोळा करायचे, हे आधी ठरलेलं नव्हतं.

समोरचे पर्याय

सकाळी पाळीवर असलेल्यांसमोर तीन वाटा असतात. बाहेरून येणारी वीज कमी करून ट्रॉम्बेला आणि जलविद्युत केंद्रांना जास्त निर्मिती करायला सांगायचं. किंवा शहराच्या काही भागात थोडा वेळ भारनियमन करून उरलेल्या वाहिनीवरचा ताण उतरवायचा. किंवा पहिलं सर्किट लवकरच येईल या भरवशावर आहे तसं चालू ठेवायचं.

पहिली वाट महाग आहे. मुंबईतली वीज बाहेरच्या विजेपेक्षा महाग पडते आणि स्वस्त वीज आधी घ्यायची हा नियमच आहे. दुसरी वाट लोकांना दिसते. मुंबईत भारनियमन केलं की फोन मंत्रालयातून येतो. तिसऱ्या वाटेला त्या क्षणी काहीच खर्च नाही. बहुतेक दिवशी ती चुकतही नाही, म्हणूनच ती निवडली जाते. नंतर केंद्राच्या चौकशीने ‘मानवी चूक’ हा शब्द वापरला तेव्हा त्यात या सगळ्या सवयी आल्या असं मी धरतो. एखाद्या माणसाने चुकीची कळ दाबली, एवढ्यापुरता तो शब्द नसावा.

तपास यंत्रणांसमोरचे पर्याय जास्त गुंतागुंतीचे होते. विजेच्या तज्ज्ञांनी विजेचा तपास करायचा, सायबर पोलिसांनी संगणकांचा, की दोघांनी मिळून एकच? प्रत्यक्षात केंद्रीय पातळीवर तांत्रिक चौकशी झाली, राज्य वीज नियामक आयोगाने स्वतःहून दखल घेऊन समिती नेमली, राज्य सरकारने आपली चौकशी लावली आणि महाराष्ट्र सायबरकडे संगणकांचा तपास गेला. प्रत्येकाला दिलेला प्रश्न वेगळा होता. आयोगाला पाहायचं होतं की परवानाधारक कुठे कमी पडले. सायबर पोलिसांना पाहायचं होतं की कोणी घुसलं का. ‘अमुक ब्रेकर (वाहिनी जोडणारा-तोडणारा स्विच) अमुक क्षणी कोणाच्या आज्ञेने उघडला’ हा प्रश्न या दोन्हींच्या मधोमध राहिला.

पुरावा कुठे असतो

इथे थोडं थांबायला हवं, कारण नव्या युद्धाची खरी मेख याच ठिकाणी आहे.

उपकेंद्रातला ब्रेकर दोन कारणांनी उघडतो. एक, वाहिनीत दोष झाला, प्रवाह वाढला, रिलेने तो ओळखला आणि ब्रेकर उघडला. दोन, कोणीतरी आज्ञा दिली, नियंत्रण कक्षातून स्काडावरून (दुरून नियंत्रण करणाऱ्या संगणक प्रणालीवरून) किंवा जागेवर हाताने. या दोन्हींच्या खुणा वेगवेगळ्या राहतात. रिलेतला डिस्टर्बन्स रेकॉर्डर दोषाच्या वेळचा दाब आणि प्रवाह यांचा आलेख जपतो, घटनांची नोंदवही मिलिसेकंदांच्या हिशोबात क्रम सांगते. प्रवाह वाढल्याचा आलेख नसताना ब्रेकर उघडला असेल तर संशयाला जागा आहे. आलेख स्वच्छ दोष दाखवत असेल तर हॅकर शोधण्याआधी इन्सुलेटर शोधावा.

२३ डिसेंबर २०१५ रोजी पश्चिम युक्रेनमधल्या तीन वितरण कंपन्यांवर हल्ला झाला तेव्हा एका नियंत्रण कक्षातल्या माणसाने आपल्या पडद्यावरचा कर्सर स्वतःहून सरकताना पाहिला. तो एकेक ब्रेकर उघडत गेला. सुमारे ३० उपकेंद्रं गेली, सव्वादोन लाख ग्राहकांची वीज काही तास बंद राहिली. हल्लेखोर महिनोन्‌महिने आधी ई-मेलच्या जोडपत्रातून आत आले होते. त्यांनी उपकेंद्रांशी बोलणारी उपकरणं निकामी केली, नियंत्रण कक्षाची राखीव वीज बंद होईल अशी सोय केली आणि ग्राहक सेवेचे फोन खोट्या कॉलनी जाम केले. वितरण कंपन्यांच्या माणसांनी गाड्या काढल्या, उपकेंद्रांत जाऊन ब्रेकर हाताने लावले आणि काही तासांत वीज आणली. जुनी, हाताने चालणारी यंत्रणा तिथे कामाला आली.

युक्रेनने काही दिवसांतच रशियाकडे बोट दाखवलं. अमेरिकी तज्ज्ञांचं पथक गेलं आणि दोन महिन्यांनी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, काय आणि कसं घडलं याचा तांत्रिक अहवाल लोकांसमोर आला. कोणी केलं हे कायद्याच्या भाषेत सांगायला मात्र जवळपास पाच वर्षं लागली. अमेरिकेच्या न्याय खात्याने रशियन लष्करी गुप्तचर विभागाच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले ते १९ ऑक्टोबर २०२० रोजी, मुंबईची वीज गेल्याला नेमका आठवडा झाला होता. म्हणजे ‘काय झालं’ याचं उत्तर लवकर मिळू शकतं, ‘कोणी’ याचं उत्तर सावकाश मिळतं, आणि ही दोन उत्तरं वेगवेगळी जाहीर करता येतात. आपल्याकडे ती एकत्र बांधली गेली आणि दोन्ही अडकली.

काय केलं गेलं

१९ नोव्हेंबर २०२० रोजी सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर आणीबाणी प्रतिसाद पथकाने, पोसोकोला, म्हणजे देशाचं वीजजाळं चालवणाऱ्या संस्थेला, ई-मेल करून कळवलं की त्यांच्या काही नियंत्रण केंद्रांत ‘शॅडोपॅड’ नावाचं घातक सॉफ्टवेअर दिसतंय. शॅडोपॅड हे मागचं दार उघडं ठेवणारं साधन. २०१७ मध्ये ते पहिल्यांदा जगासमोर आलं आणि पुढे चिनी सरकारशी जोडल्या गेलेल्या अनेक गटांकडे आढळलं. १२ फेब्रुवारी २०२१ रोजी महत्त्वाच्या पायाभूत यंत्रणांचं रक्षण करणाऱ्या राष्ट्रीय केंद्राने, एनसीआयआयपीसीने, दुसरा इशारा दिला. त्यात चिनी सरकारशी जोडल्या गेलेल्या ‘रेड एको’ या गटाचं नाव होतं.

बाहेरच्या जगाला हे २८ फेब्रुवारीला कळलं. रेकॉर्डेड फ्युचर या अमेरिकी सायबर सुरक्षा कंपनीचा अहवाल आला आणि त्यावर न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली. अहवालानुसार भारतातल्या १० वीजसंस्था आणि दोन बंदरं रेड एकोच्या निशाण्यावर होती. देशातल्या पाच प्रादेशिक भार प्रेषण केंद्रांपैकी (विजेची मागणी आणि पुरवठा यांचा मेळ घालणाऱ्या नियंत्रण केंद्रांपैकी) चार त्यात होती. अशा केंद्रांत चोरण्यासारखी व्यापारी गुपितं फारशी नसतात. मग तिथे शिरायचं कशाला? अहवालाचा तर्क असा की पुढेमागे वापरता यावं म्हणून आधीच जागा धरून ठेवायला. आणि त्याच अहवालात, मुंबईच्या खंडित विजेशी या घुसखोरीचा संबंध सिद्ध झालेला नाही, असंही स्पष्ट लिहिलं होतं. बातमी भारतात पोचेपर्यंत हे वाक्य गळून पडलं. ‘चीनने मुंबईची वीज घालवली’ एवढंच उरलं.

१ मार्चला राज्याच्या गृहमंत्र्यांनी महाराष्ट्र सायबरचा अहवाल ऊर्जामंत्र्यांकडे दिला. त्यात वीज मंडळाच्या सर्व्हरमध्ये १४ ट्रोजन (निरुपद्रवी भासवून आत शिरणारी घातक सॉफ्टवेअर) शिरवले गेले असावेत, परदेशी सर्व्हरवरून हिशोब न लागणारी ८ जीबी माहिती आली असावी आणि काळ्या यादीतल्या पत्त्यांवरून आत शिरण्याचे प्रयत्न झाले, असं म्हटलं होतं. त्याच दिवशी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने दोन्ही इशारे मिळाल्याचं मान्य केलं आणि पोसोकोच्या कामावर परिणाम झाला नाही, माहिती गेलेली नाही, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले की सायबर हल्ले झाले, पण मुंबईशी त्यांचा संबंध नाही, मुंबईत मानवी चूक झाली. चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाने पुराव्याविना आरोप नकोत म्हणून सगळंच झटकलं.

महाराष्ट्र सायबरच्या अहवालातले आकडे गंभीर होते. पण कोणी आत आलं होतं, एवढंच ते सांगतात. घरात चोर येऊन गेल्याच्या खुणा सापडल्या, म्हणून त्याच रात्री फुटलेली गच्चीवरची टाकी त्यानेच फोडली असं ठरत नाही. त्यासाठी टाकीही पाहावी लागते. कार्यालयीन सर्व्हर आणि ब्रेकर चालवणारं जाळं यांच्यामध्ये भिंत होती का, ती ओलांडली गेली का, आणि रिलेच्या नोंदी काय म्हणतात, या तीन गोष्टी एका टेबलावर मांडून लोकांना सांगितलं गेलं असतं तर वाद तिथेच मिटला असता. एक बाजू सर्व्हरबद्दल बोलत राहिली, दुसरी वाहिनीबद्दल.

निष्पत्ती

उपलब्ध माहितीवरून माझा कौल वाहिनीच्या बाजूने आहे. एक सर्किट बंद, दुसऱ्यावर भार, आतली निर्मिती तुटपुंजी, आयलंडिंग फसलं. ही साखळी पूर्ण व्हायला परकीय हाताची गरज लागत नाही. त्याच वेळी देशाच्या भार प्रेषण केंद्रांमध्ये कोणीतरी दबा धरून बसलं होतं, हेही केंद्र सरकारच्याच निवेदनातून दिसतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मान्य करायला मात्र कोणी तयार नव्हतं.

का नव्हतं, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. राज्यासाठी ‘घातपात’ सोयीचा होता, कारण मग महापारेषणच्या दुरुस्त्या आणि नियोजन यांवरचे प्रश्न मागे पडत. केंद्रासाठी ‘मानवी चूक’ सोयीची होती, कारण फेब्रुवारी २०२१ मध्ये पँगाँग सरोवराच्या दोन्ही काठांवरून सैन्य मागे घेण्याचं काम नुकतंच पार पडलं होतं, आणि चूक पुन्हा राज्याच्या पदरात पडत होती. राज्यात आणि केंद्रात परस्परविरोधी पक्ष सत्तेत होते. माझा मुद्दा असा नाही की कोणी खोटं बोललं. प्रत्येकाने स्वतःला सोयीचा तेवढा अर्धा भाग ठासून सांगितला. हल्लेखोराला यापेक्षा जास्त काय हवं? काही न करताही त्याचा धाक बसला, आणि तो नामानिराळाही राहिला.

पुढे बऱ्याच गोष्टी झाल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीजक्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. प्रत्येक संस्थेत माहिती सुरक्षेसाठी जबाबदार अधिकारी नेमायचा, नियंत्रणाचं जाळं इंटरनेटपासून वेगळं ठेवायचं, उपकरणं विश्वासू पुरवठादारांकडून घ्यायची. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने घुसखोरी लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवण्याचं बंधन घातलं. त्याच एप्रिलमध्ये रेकॉर्डेड फ्युचरचा दुसरा अहवाल आला. लडाख सीमेच्या बाजूच्या उत्तर भारतातली सात राज्य भार प्रेषण केंद्रं या वेळी निशाण्यावर होती, आणि वापरलं गेलेलं साधन पुन्हा शॅडोपॅडच. ते चालवायला इंटरनेटला जोडलेले, कोणी लक्ष न दिलेले कॅमेरे आणि त्यांचे रेकॉर्डर ताब्यात घेतले होते. लडाखजवळ असे दोन प्रयत्न झाले आणि ते फसले, असं केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनीच सांगितलं. सीमेवरची कुरापत आणि वीज केंद्रातली कुरापत एकाच पट्ट्यात दिसावी, हे मला या सगळ्यातलं सर्वांत बोलकं वाटतं.

खारघर-विक्रोळी वाहिनी अखेर २०२३ मध्ये सुरू झाली आणि मुंबईला शहराच्या आत ४०० केव्हीचं उपकेंद्र मिळालं. एखाद्या शत्रूचा डाव उधळण्यात त्या मनोऱ्यांचा वाटा एखाद्या महागड्या सायबर प्रयोगशाळेपेक्षा कमी नाही. पण वाहिनीच्या उद्घाटनाला कोणी सेनाधिकारी बोलावत नाही.

निर्णयाचे क्षण, आणि वेगळं काय करता आलं असतं

पहिला क्षण १२ ऑक्टोबरच्या दुपारचा. वीज परत आणण्याच्या धावपळीत पुरावा जपण्याकडे कोणाचं लक्ष जाणार? रेकॉर्डरची साठवण मर्यादित असते, नव्या घटना जुन्या नोंदींवर चढतात. संगणक पुन्हा सुरू केला की स्मृतीतलं काही उरत नाही. मोठ्या बिघाडानंतर पहिल्या २४ तासांत महापारेषण, केंद्रीय प्राधिकरण आणि सर्ट-इन यांचं एकच पथक उपकेंद्रात जाऊन नोंदी मोहोरबंद करील, हे आधी ठरलेलं असायला हवं. घटना घडल्यावर समिती नेमण्यात आठवडा जातो, मग समितीला कार्यालय मिळायचं असतं.

दुसरा क्षण नोव्हेंबरचा, पहिल्या इशाऱ्याचा. महिन्याभरापूर्वी मुंबई बंद पडलेली आहे, राज्यात घातपाताची चर्चा आहे आणि देशाच्या भार प्रेषण केंद्रांत शॅडोपॅड सापडलंय. यावेळी केंद्राने राज्याच्या तपास पथकाला बोलावून या खुणा ताडून पाहा म्हटलं असतं, तर मार्चमध्ये दोन वेगळ्या पत्रकार परिषदांची वेळ आली नसती. वीज हा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतला विषय, पोलीस राज्याचे, संरक्षण केंद्राचं. सायबर हल्ला या तिन्ही खात्यांच्या सीमा एका क्षणात ओलांडतो. फाइलला तेवढ्यासाठी महिने लागतात.

तिसरा क्षण बोलण्याचा. इथे मला माझ्याच मताबद्दल थोडी धाकधूक आहे, कारण गुप्तता राखण्यालाही कारणं असतात. आपल्याला काय दिसलं हे सांगितलं की कसं दिसलं हेही शत्रूला कळतं. तरीही दोन टप्प्यांत बोलता आलं असतं. पहिल्या दोन महिन्यांत फक्त तांत्रिक उत्तर: कोणता ब्रेकर का उघडला, आयलंडिंग का फसलं. कोणाचा हात होता का, ते नंतर, पुरेसं हाती आल्यावर. पहिलं उत्तर रिकामं ठेवलं की ती जागा तर्काने भरते, आणि तो तर्क कोण पेरतंय यावर आपलं नियंत्रण राहत नाही.

मे २०२५ मध्ये याची चुणूक दिसली. ऑपरेशन सिंदूरच्या त्या चार दिवसांत, पाकिस्तानी सायबर हल्ल्याने भारताचं ७० टक्के वीजजाळं निकामी झाल्याचा संदेश समाजमाध्यमांवर फिरला. पत्र सूचना कार्यालयाच्या पडताळणी विभागाने तो खोटा असल्याचं जाहीर केलं. दावा इतका फुगवलेला होता की स्वतःच्या घरात पंखा फिरताना पाहून तो खोटा ठरवता येत होता. त्याऐवजी ‘ठाण्यातलं एक उपकेंद्र’ एवढाच दावा असता आणि त्या दिवशी तिथे खरोखरच ट्रिपिंग झालं असतं तर? नंतर महाराष्ट्र सायबरने त्या काळात सुमारे १५ लाख सायबर हल्ले झाले, पैकी १५० यशस्वी ठरले, असा आकडा दिला. अशा आकड्यांत ‘हल्ला’ कशाला म्हटलंय हे आधी विचारावं. लाखांचा आकडा छाती दडपवतो, पण नियंत्रण कक्षातल्या माणसाला त्यातल्या एकाच प्रकारच्या हल्ल्याची काळजी करायची असते.

चौथी गोष्ट सरावाची. युक्रेनच्या अभियंत्यांना ब्रेकर हाताने लावता येत होते. आपल्याकडे नवी उपकेंद्रं दुरून चालवली जातात, जागेवर मोजकी माणसं असतात, कधी नसतातच. पडदे बंद आहेत, फोन लागत नाहीत, असं गृहीत धरून वर्षातून एकदा कळवा ते ट्रॉम्बे हा पट्टा हाताने उभा करायचा सराव करायला हरकत काय? खर्च आहे, जोखीम आहे आणि सरावादरम्यान वीज गेली तर शिव्या खाव्या लागतील. त्या खायची तयारी असलेला अधिकारी आणि त्याच्या पाठीशी उभा राहणारा मंत्री, अशी जोडी लागेल.

आणि शेवटी पैशाचा मुद्दा, ज्याला सुरक्षेच्या चर्चेत कोणी हात लावत नाही. आयलंडिंग टिकवायचं तर शहराच्या जवळ पुरेशी निर्मिती चालू हवी. ती निर्मिती महाग आहे, आणि ट्रॉम्बेसारख्या ठिकाणी कोळसा जाळला की माहुल-चेंबूरच्या लोकांच्या श्वासात तो जातो. ती बंद केली तर हवा सुधारते, बिल उतरतं, पण शहर बाहेरच्या चार वाहिन्यांवर टांगलं जातं. बॅटरी साठवण हा मधला मार्ग असू शकतो, त्याचाही खर्च कोणीतरी उचलायचा आहे. संरक्षणासाठीचा हा खर्च संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकात कुठेच येत नाही. तो वीज नियामक आयोगापुढे दरवाढीच्या अर्जात, घसारा आणि इंधन अधिभार यांच्या रकान्यांमध्ये येतो. सुनावणीला ग्राहक संघटना असतात, कंपन्यांचे वकील असतात. राष्ट्रीय सुरक्षेच्या बाजूने बोलणारा तिथे अजून कोणी बसत नाही.